सैनिक सेनापतीचे का झाले? मारियस, जमीन आणि रोमन गणराज्याचा शेवट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इ.स.पू. १०७ मध्ये रोमन सेनापती मारियसने भूमिहीनांना सैन्यात घेतलं, त्यामुळे सैनिकांची निष्ठा राज्याकडून सेनापतीकडे सरकली आणि शेवटी गणराज्य कोसळलं, असं तुमच्या नोट्समध्ये दिलंय. ट्युटोरियलसाठी याच विषयावर निबंध लिहायचाय. हे खरंच इतकं सरळ आहे का, आणि नसेल तर सुरुवात कुठून करावी, हे तुम्हाला हवंय.

मी प्राचीन इतिहासाचा पेपर बरीच वर्षं शिकवते. हे वाक्य दर वर्षी निम्म्या उत्तरपत्रिकांत जसंच्या तसं येतं. त्याला सरसकट खोटं म्हणता येत नाही, पण त्यातलं कारण आणि परिणाम यांच्यामधलं दोन-तीन पिढ्यांचं राजकारण गायब झालेलं असतं. माझ्या मते सैन्यात कोण आलं यापेक्षा महत्त्वाचं हे, की सैनिक सुटून घरी आल्यावर त्याच्या पोटापाण्याचं काय, आणि ते कोणी बघायचं. सिनेटने, म्हणजे रोमच्या उमरावांच्या सभेने, ही जबाबदारी कधीच अंगाला लावून घेतली नाही, म्हणून ती ज्याला त्याला आपापल्या फायद्यासाठी उचलता आली.

अर्थात तुम्ही कोणत्या दशकाबद्दल बोलताय यावर बरंच अवलंबून आहे. मारियसचं सैन्य, त्याचा प्रतिस्पर्धी सुल्लाचं सैन्य आणि ४२ मधल्या फिलिपीच्या लढाईनंतरचं ऑक्टेवियनचं (पुढच्या सम्राट ऑगस्टसचं) सैन्य यांना एकाच मापात बसवता येत नाही. आपली साधनंही तशीच विखुरलेली आहेत. रोमन इतिहासकार सॅलस्ट १०७ नंतर साठेक वर्षांनी लिहितो, अ‍ॅपियन आणि प्लुटार्क हे ग्रीक लेखक तर दोनशे वर्षांहून अधिक काळानंतर.

आधी १०७ चंच बघू. जुन्या पद्धतीत रोमन नागरिकांची मालमत्तेनुसार वर्गवारी होई आणि किमान मालमत्ता असलेल्यालाच लीजनमध्ये, म्हणजे काही हजार सैनिकांच्या दलात, भरती करत. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांची नुसती शिरगणती होई. आफ्रिकेत न्युमिडियाचा राजा जुगुर्था याच्याशी युद्ध रेंगाळलं होतं. मारियस त्या वर्षी कॉन्सुल (वर्षभरासाठी निवडलेल्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक) झाला आणि त्याने शिरगणतीतल्या माणसांपैकी जे स्वखुशीने आले त्यांना घेतलं. सॅलस्ट याची दोन कारणं देतो: काहींच्या मते चांगली माणसं मिळेनात, तर काहींच्या मते कॉन्सुलची महत्त्वाकांक्षा. विद्यार्थी दुसरं कारण उचलतात आणि पहिलं सोडून देतात. शिवाय सॅलस्टने स्वतः सीझरचं यादवी युद्ध पाहिलेलं होतं. पुढे काय झालं ते माहीत असलेला माणूस मागचं लिहितोय, हे विसरू नका.

मुळात हा काही कायदा नव्हता. एका कॉन्सुलने एका मोहिमेच्या कुमकेसाठी केलेली भरती होती, आणि सक्तीची भरती त्यानंतरही चालूच राहिली. गरिबांचा शिरकावही आधीपासूनचा आहे. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीच्या पराभवानंतर रोमने सरकारी पैशाने ८,००० गुलाम विकत घेऊन त्यांच्या हाती शस्त्रं दिली होती. गायस ग्रॅकसने १२३ मध्ये सैनिकांचे कपडे सरकारी खर्चाने द्यायचे आणि त्यासाठी पगार कापायचा नाही, असा कायदा केला. ज्या सैन्यातले सगळे खाऊनपिऊन सुखी शेतकरी आहेत, त्याला असा कायदा कशाला लागेल? किमान मालमत्तेचे तीन आकडे (ब्राँझच्या नाण्यांत) जुन्या लेखकांकडून आपल्यापर्यंत आलेत: लिवीचा ११,००० अ‍ॅस, पॉलिबियसचा ४,००० च्या आसपास आणि सिसेरोचा १,५००. ते उतरत्या क्रमाने मांडून ‘पात्रता हळूहळू खाली आली’ असं शिकवतात. ते शक्य आहे, पण तो क्रम आधुनिक अभ्यासकांनी लावलेला आहे. त्या आकड्यांवर तारखा लिहिलेल्या नाहीत.

‘मारियसच्या सुधारणा’ या शीर्षकाखाली येणाऱ्या बाकीच्या यादीचंही तेच. गरुडध्वज हेच लीजनचं एकमेव मुख्य निशाण केल्याचं प्लिनी सांगतो, तेही मारियसच्या दुसऱ्या कॉन्सुलपदाच्या वर्षी, म्हणजे १०४ मध्ये. फेकायच्या भाल्यातली एक खीळ काढून तिथे लाकडी खुंटी बसवल्याची गोष्ट प्लुटार्क सांगतो, ती १०१ च्या लढाईच्या वेळची. कोहॉर्टचा, म्हणजे लीजनमधल्या छोट्या तुकडीचा, उल्लेख तर पॉलिबियस स्पेनमधल्या स्किपियोच्या सैन्याबद्दल करतो, जवळपास शंभर वर्षं आधीचा. हे सगळे तुकडे गोळा करून एका माणसाच्या नावाने एक सुधारणा उभी केली ती एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय अभ्यासकांनी. निबंधात या यादीवर पान खर्च करू नका.

मग सुरुवात कुठून? मी १५१ पासून करते. त्या वर्षी स्पेनच्या युद्धासाठी भरती चालू असताना ट्रिब्यूननी, म्हणजे सामान्य जनतेने निवडलेल्या आणि नकाराधिकार असलेल्या अधिकाऱ्यांनी, चक्क कॉन्सुलना कैदेत टाकलं. १३८ मध्ये पुन्हा तेच. घरापासून वर्षानुवर्षं लांब राहायचं, लूट बेताची आणि मरण स्वस्त, अशा युद्धाला लोक कंटाळले होते. त्याच काळात जनगणनेतले नागरिकांचे आकडे उतरताना दिसतात. १६४-६३ मध्ये ३,३७,०२२, १३६-३५ मध्ये ३,१७,९३३. टायबेरियस ग्रॅकसने यावरून निष्कर्ष काढला की शेतकरी नष्ट होतोय आणि त्याच्या जागी गुलाम राबतायत. १३३ मध्ये ट्रिब्यून असताना त्याने सरकारी जमिनीवर माणशी ५०० युगेरांची, म्हणजे साधारण ३१० एकरांची मर्यादा घातली आणि वरची जमीन लहान तुकड्यांत वाटायला तीन जणांचा आयोग नेमला. सहकारी ट्रिब्यूनने नकाराधिकार वापरला, तेव्हा त्याने त्यालाच पदावरून काढायला लावलं. वर्ष सरायच्या आत सिनेटरांच्या जमावाने त्याला ठार मारलं.

त्याचं निदान बरोबर होतं का, यावर आज एकमत नाही. इटलीत काही भागांतल्या शेतांत फिरून केलेल्या पाहणीत लहान वाड्या-वस्त्यांच्या खुणा भरपूर सापडल्या, गुलामांच्या मोठ्या मळ्यांनी गिळलेला ओसाड प्रदेश सापडला नाही. जनगणनेतही १२५-२४ मध्ये आकडा एकदम ३,९४,७३६ वर जातो. दहा-बारा वर्षांत एवढी माणसं जन्माला येऊन मोठी होत नाहीत. मला वाटतं, आधी बरेच जण भरती टाळायला नोंदच करत नव्हते आणि नंतर जमीन मिळण्याच्या आशेने करू लागले. हे माझं मत म्हणून घ्या, पुरावा दोन्ही बाजूंनी वाकवता येतो. निबंधापुरता मुद्दा एवढाच, की जमीन, भरती आणि नागरिकाचा दर्जा यांचा गुंता मारियसच्या आधीच तयार होता, आणि जमीनवाटपाचा प्रस्ताव आणणाऱ्याचा मुडदा पडू शकतो हेही सिद्ध झालं होतं.

मारियसच्या सैनिकांना जमीन मिळाली ती कशी, तेही बघा. सिनेटने दिली नाही. सॅटर्निनस नावाच्या ट्रिब्यूनने १०३ मध्ये कायदा करून आफ्रिकेत माणशी १०० युगेरा जमीन देवविली. १०० मध्ये पुढचा वाटप कायदा आला तेव्हा दंगल झाली आणि वर्षअखेरीस सॅटर्निनसही मारला गेला. म्हणजे सेनापती, त्याच्या बाजूचा ट्रिब्यून आणि मतदानाला आणलेले जुने सैनिक ही जुळणी इथे तयार झाली. १०७ पेक्षा ही जास्त टिकाऊ ठरली.

इटलीतल्या मित्रराज्यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण नोट्समध्ये ती बहुतेक वेगळ्या धड्यात असतात. रोमच्या सैन्यात निम्मी किंवा त्याहून जास्त माणसं त्यांची असत, पण मत नाही आणि रोमन अधिकाऱ्याविरुद्ध दादही नाही. त्यांना नागरिकत्व द्यायचा प्रस्ताव मांडणारा ट्रिब्यून ड्रुसस ९१ मध्ये मारला गेला आणि युद्ध पेटलं. बंडखोरांनी कॉर्फिनियम शहराचं नाव बदलून इटालिका केलं आणि स्वतःची नाणी पाडली. त्यांतल्या काहींवर इटलीचा बैल रोमच्या लांडग्याला शिंगांवर घेतोय असं चित्र आहे. रोमने युद्ध जिंकलं, पण नागरिकत्व देऊन.

आता ८८. तुमच्या निबंधाचा कणा हाच असावा असं मला वाटतं.

त्या वर्षीचा कॉन्सुल सुल्ला नेपल्सजवळच्या नोला गावाला वेढा घालून बसला होता. पूर्वेकडे राजा मिथ्रिडेटीसविरुद्धची मोहीम सिनेटने त्याला दिलेली होती. रोममध्ये सुल्पिसियस नावाच्या ट्रिब्यूनने नागरिकांच्या सभेत कायदा करून ती काढून घेतली आणि म्हाताऱ्या मारियसला दिली. सुल्लाने सैन्याची सभा भरवली. अ‍ॅपियनच्या वर्णनाप्रमाणे ‘रोमवर चला’ असं तो बोलला नाही. आपला कसा अपमान झाला ते त्याने सांगितलं आणि हुकूम येईल तेव्हा तयार राहा म्हणाला. सैनिकांना पूर्वेच्या लुटीची आस होती, आणि मारियस आला तर तो दुसरेच लोक भरती करून नेईल ही भीती होती. सुल्लाच्या मनातलं त्यांनीच बोलून दाखवलं. ताबा घ्यायला आलेल्या मारियसच्या अधिकाऱ्यांना दगडांनी ठेचून मारलं. सहा लीजन रोमकडे निघाल्या, पण एक क्वेस्टर (खजिन्याचा अधिकारी) सोडून सुल्लाचे सगळे वरिष्ठ अधिकारी त्याला सोडून गेले. स्वतःच्या शहरावर चाल करून जाणं त्यांना सोसेना. शहरात शिरल्यावर लोकांनी छपरांवरून कौलं आणि दगड मारले, ते सुल्लाने घरं पेटवायची धमकी दिल्यावरच थांबले.

या प्रसंगात दोन गोष्टी विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटतात. एक, हे सैन्य मित्रराज्यांशी झालेल्या युद्धासाठी आणीबाणीत उभं केलेलं होतं. स्वखुशीने आलेल्या भूमिहीनांची ती टोळी नव्हती. दोन, अधिकारी आणि साधे सैनिक यांची निष्ठा इथे वेगवेगळ्या दिशांना गेली. शिपाई सुल्लाच्या प्रेमात होता असं नाही. कोणती मोहीम आपल्याला मिळणार आणि कोणती निसटणार, याचा हिशेब त्याने केला. शिवाय सुल्ला त्या वर्षी कायदेशीर कॉन्सुल होता, म्हणजे शिपायाच्या दृष्टीने राज्य त्याच्याच बाजूला उभं होतं, हेही खरंच.

‘सैनिक सेनापतीचे झाले’ हे वाक्य मी जपून वापरते ते याचमुळे. पुढच्या पन्नास वर्षांत सैनिकांनी सेनापतींना सोडल्याची उदाहरणं काही कमी नाहीत. ८४ मध्ये कॉन्सुल सिन्नाला त्याच्याच माणसांनी ठार केलं. पुढच्याच वर्षी कॉन्सुल स्किपियोचं (हा स्पेनमधला स्किपियो नव्हे) अख्खं सैन्य सुल्लाकडे निघून गेलं आणि तो तंबूत एकटा सापडला. लुकुलससारखा कसलेला सेनापती पूर्वेत जिंकत होता, पण त्याच्या सैनिकांनी पुढे जायला साफ नकार दिला. सत्तेतला भागीदार लेपिडस याच्या लीजन ३६ मध्ये ऑक्टेवियनकडे गेल्या. भाव न पटला की माणसं उठून जात.

भाव कशाचा? पगार तुटपुंजा होता. सीझरने तो दुप्पट केल्यावरही वर्षाला २२५ डिनारियस, म्हणजे ९०० सेस्टर्स, झाला. खरं मोल लुटीतल्या वाट्याला आणि सुटल्यानंतरच्या जमिनीला होतं. सुल्लाने ती दिली, पण विरोधात गेलेल्या गावांची हिसकावून. आधीचे मालक देशोधडीला लागले. नवे मालकही सगळे शेतीत रमले नाहीत. कर्जबाजारी झाले, आणि ६३ मध्ये सत्ता उलथवायच्या कॅटिलिनच्या कटात एट्रुरियात जी फौज जमली तिचा म्होरक्या मॅनलियस हा सुल्लाचाच जुना सेंच्युरियन (शंभरेक सैनिकांचा नायक) होता.

सेनापती पॉम्पीची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. ६२ मध्ये तो पूर्व जिंकून इटलीतल्या ब्रुंडिसियम बंदरात उतरला. सगळ्यांना वाटलं, आता हा दुसरा सुल्ला होणार. त्याने सैन्य विसर्जित केलं आणि माणसांना घरी पाठवलं. नियमाने वागला. बदल्यात त्याला त्या सैनिकांसाठी जमीन आणि पूर्वेत लावलेल्या व्यवस्थेला मंजुरी एवढंच हवं होतं. सिनेटने दोन्ही लटकवलं. ६० मधला जमीनकायदा बारगळला. पॉम्पी शेवटी सीझर आणि क्रॅससला जाऊन मिळाला, आणि ५९ मध्ये सीझरने कॉन्सुल म्हणून तो कायदा दांडगाईने पास करून घेतला. विरोध करायला आलेल्या सहकारी कॉन्सुल बिबुलसच्या अंगावर शेणाची पाटी ओतली गेली. तुम्ही ‘चूक कोणाची’ असं विचारलंत तर माझं बोट ६२ ते ५९ या वर्षांकडे जाईल. कायदा पाळणाऱ्या सेनापतीचा तोटा होतो, हे सिनेटने स्वतः दाखवून दिलं. गॉलमध्ये बसलेल्या सीझरने त्यातून काय शिकायचं ते शिकलं.

इथवरचं एकत्र करून सांगायचं तर: गरीब सैनिक १०७ च्या आधीही होते, सैन्याने रोमवर पहिली चाल केली ती ८८ मध्ये आणि लुटीच्या हिशेबाने केली, आणि निवृत्तांच्या जमिनीचा प्रश्न राज्याने नियमात बसवला नाही म्हणून तो प्रत्येक वेळी हाणामारीने सुटला.

हाणामारीचा कळस ४२-४१ मध्ये आला. अँटनी, ऑक्टेवियन आणि लेपिडस या तिघा सत्ताधाऱ्यांनी सैनिकांना इटलीतल्या १८ समृद्ध शहरांच्या जमिनी आधीच, ४३ मध्ये, कबूल केलेल्या होत्या. फिलिपीच्या लढाईनंतर वाटप ऑक्टेवियनच्या वाट्याला आलं. जमिनी गेलेले लोक रोममध्ये येऊन देवळांत आणि चौकांत आक्रोश करत होते, आणि दुसऱ्या बाजूला सैनिक म्हणत होते की अजून मिळालंच नाही. अ‍ॅपियनने त्या वेळचा एक प्रसंग दिलाय. वाटपासाठी सैनिकांना मार्सच्या मैदानात बोलावलं होतं. ते रात्रीच येऊन थांबले आणि ऑक्टेवियनला उशीर झाला म्हणून भडकले. नोनियस नावाच्या सेंच्युरियनने त्यांना सुनावलं. आधी टिंगल झाली, मग दगड सुरू झाले. त्याने पळून नदीत उडी मारली, तर त्याला बाहेर ओढून ठार केलं आणि ऑक्टेवियन ज्या वाटेने येणार होता तिथे प्रेत टाकलं. मित्र म्हणाले, जाऊ नका. तो गेला. प्रेत पाहून बाजूने निघाला, थोड्याच जणांचं हे काम असावं असं म्हणाला, यापुढे एकमेकांना मारू नका म्हणून समजावलं आणि जमीन वाटायला बसला. इथे कोण कोणाच्या ताब्यात होतं, ते तुम्हीच ठरवा.

हा अनुभव पचवलेला माणूस पुढे ऑगस्टस झाला, आणि त्याने काय बदललं ते निबंधात आलंच पाहिजे. इजिप्तचा खजिना हाती आल्यावर त्याने जमिनी हिसकावण्याऐवजी विकत घेतल्या. स्वतःच्या कारकिर्दीच्या शिलालेखात तो इटलीतल्या जमिनींसाठी ६० कोटी सेस्टर्स आणि प्रांतांतल्या जमिनींसाठी २६ कोटी दिल्याचं सांगतो. पुढे जमिनीऐवजी रोख रक्कम आली. इ.स. ५ मध्ये २० वर्षांची नोकरी आणि सुटताना १२,००० सेस्टर्स असं ठरलं, म्हणजे तेरा वर्षांच्या पगाराहून थोडी जास्त रक्कम. पुढच्या वर्षी त्यासाठी वेगळा लष्करी खजिना काढला. ऑगस्टसने त्यात पदरचे १७ कोटी घातले आणि वारशावर ५ टक्के व लिलावातल्या विक्रीवर १ टक्का कर त्याला जोडून दिला.

सिनेटर वारसाकरावर चिडले. इ.स. १३ मध्ये ऑगस्टस म्हणाला, बरं, दुसरा मार्ग तुम्हीच सुचवा. मग त्याने घरं आणि शेतं यांच्यावर कर लावायचं ठरवून मोजणीला माणसं पाठवली. ती दारात आल्यावर ५ टक्के सगळ्यांना गोड लागले. ज्या वर्गाने दीडशे वर्षं हा खर्च टाळला त्याच्याकडून तो असा वसूल झाला.

म्हणून निबंध इ.स.पू. २७ ला, ऑगस्टस ही पदवी मिळाली तिथे संपवू नका. सगळं सुरळीत झालं असंही लिहू नका. इ.स. १४ मध्ये ऑगस्टस वारल्यावर पॅनोनिया आणि ऱ्हाइनवरच्या लीजननी बंड केलं. टॅसिटसने त्यांच्या तक्रारी दिल्यात: तीस-चाळीस वर्षं नोकरीत अडकवून ठेवतात, सुटल्यावर शेत म्हणून दलदल नाहीतर डोंगराचा उतार देतात, आणि दिवसाच्या दहा अ‍ॅसमधून कपडे, हत्यारं, तंबू आणि वर सेंच्युरियनची लाच भागवावी लागते. काही म्हाताऱ्या शिपायांनी सेनापती जर्मानिकसचा हात चुंबनाच्या निमित्ताने धरला आणि त्याची बोटं आपल्या दात पडलेल्या हिरड्यांना लावून दाखवली. घाबरून सवलती दिल्या गेल्या, सोळा वर्षांनी नेहमीच्या कामातून सूट वगैरे. पुढच्याच वर्षी रोममध्ये लोकांनी १ टक्का विक्रीकर रद्द करायची मागणी केली, तेव्हा सम्राट टायबेरियसने जाहीर केलं की लष्करी खजिना त्याच करावर चालतो, आणि वीस वर्षांच्या आत सैनिक सोडले तर राज्याला खर्च झेपणार नाही. बंडात मिळालेली सोळा वर्षांची सवलत रद्द झाली. कर राहिला.